घरच्या डार्करूमची हवा: धूळ, वाफा आणि उजेड तिघांनाही बाहेर ठेवताना

फिक्सरच्या, म्हणजे प्रिंटवरचं चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणाच्या, ट्रेवर वाकून प्रिंट उलटताना नाकात एक तिखट झिणझिणी येते. काडेपेटीची काडी नुकती ओढली की येतो तसा तो वास. डार्करूममध्ये काम करणाऱ्या बहुतेकांना तो आवडू लागतो, कारण त्या वासाशी ट्रेमध्ये हळूहळू उमटणारं चित्र जोडलेलं असतं. पण तो वास म्हणजे सल्फर डायऑक्साइड. फटाके आणि डिझेलच्या धुरातही तोच असतो, आणि दम्याच्या माणसाला त्याचा थोडाही अंश पुरतो.

मी पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या दुसऱ्या बाथरूममध्ये डार्करूम थाटली. पहिल्या हिवाळ्यात दर रविवारी चार-चार तास प्रिंट काढायचो आणि रात्री घसा खवखवायचा, कोरडा खोकला यायचा. थंडी बाधली असं समजून हळदीचं दूध, काढा, सगळं झालं. मग बायकोनं लक्षात आणून दिलं की शनिवारपर्यंत मी ठणठणीत असतो. गंमत म्हणजे एक्झॉस्ट पंखा तेव्हाही होता आणि चालूही असायचा. तो होता दाराच्या वरच्या झडपेसमोर, सात फुटांवर, माझ्या मागच्या बाजूला. ट्रे पुढच्या भिंतीला. म्हणजे ट्रेवरून उठलेली वाफ माझ्या छातीवरून, नाकासमोरून जाऊन पंख्यात शिरत होती. पंखा काम करत होता, पण मला मध्ये उभं करून.

पंखा किती मोठा यापेक्षा हवा कुठून शिरते, कशावरून जाते आणि कुठून बाहेर पडते हे महत्त्वाचं. शेवटी सगळं त्या वाटेवर येऊन ठरतं. अडचण अशी की डार्करूमच्या तीन गरजा एकमेकींच्या विरोधात जातात. उजेड नको म्हणून आपण फटी बुजवतो. वाफा जाव्यात म्हणून हवा खेळती हवी. आणि हवा खेळती केली की तिच्याबरोबर धूळ येते, ती निगेटिव्हवर बसते आणि प्रिंटवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात उमटते. तिन्ही एकदम साधता येतं, फक्त क्रम नीट धरावा लागतो.

वाफा येतात कुठून

डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं द्रावण, जवळजवळ वासरहित असतो. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, कार्बोनेट यातलं काही ट्रेमधून उडून नाकात जात नाही. त्यांचा धोका पूड कालवताना असतो, त्याकडे पुढे येतो. त्यानंतरच्या, डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथमध्ये पारंपरिक पद्धतीनं ॲसिटिक ॲसिड असतं, म्हणजे व्हिनेगरचाच वास. एक-दोन टक्के द्रावणाचा त्रास बेताचा, पण ९९ टक्क्यांच्या ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडची बाटली बंद खोलीत उघडली तर डोळ्यांतून पाणी येतं. ती बाटली घरात न आणलेलीच बरी.

खरा प्रश्न फिक्सरचा. हायपोत, म्हणजे फिक्सरमधल्या थायोसल्फेटमध्ये, आम्ल पडलं की ते फुटतं, त्यातून गंधक आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो. हे टाळायला फिक्सरमध्ये सल्फाइट घातलेलं असतं, पण आम्ल जितकं जास्त आणि द्रावण जितकं गरम, तितका वायू जास्त सुटतो. म्हणून स्टॉप बाथमधून प्रिंट न निथळता फिक्सरमध्ये टाकली, की प्रत्येक प्रिंटबरोबर आम्ल जातं आणि संध्याकाळपर्यंत ट्रे झणझणू लागतो. उलट, स्टॉप बाथ वगळून डेव्हलपरमधून थेट अमोनियम थायोसल्फेटच्या रॅपिड फिक्सरमध्ये गेलात, तर अल्कलीमुळे अमोनियाचा वास येतो. दोन्ही वेळा दोष फिक्सरचा नसतो. प्रिंट नीट निथळली नाही, एवढंच. चिमट्यानं कोपरा धरून पूर्ण दहा सेकंद निथळू द्या. तेवढ्यानं वास किती कमी होतो ते एकदा करून बघाच.

अमेरिकेतल्या निऑश या संस्थेनं कामाच्या जागी सल्फर डायऑक्साइडची दिवसभराची सरासरी मर्यादा २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) आणि पंधरा मिनिटांची ५ पीपीएम सांगितली आहे. ही निरोगी कामगारांसाठीची आहे, दम्याच्या रुग्णासाठी नव्हे. शिवाय नाकावर विसंबता येत नाही. अर्ध्या तासात नाक सरावतं. वास येईनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असं नाही. ते ओळखायचं तर घरातल्या कुणाला तरी बाहेरून आत डोकावायला सांगा. आत पाऊल टाकताच त्यांचा चेहरा काय सांगतो ते खरं.

आधी वाफा कमी करा

पंखा घ्यायच्या आधी हे करा, कारण यात जवळजवळ खर्च नाही.

फिल्म डेव्हलप करायला डार्करूम लागतच नाही. चेंजिंग बॅगमध्ये (बाह्यांतून हात घालायच्या उजेडबंद पिशवीत) फिल्म रीळावर चढवून टाकीचं झाकण लावलं की पुढचं सगळं स्वयंपाकघराबाहेर, गॅलरीत, उजेडात करता येतं. अंधाऱ्या खोलीची गरज फक्त एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, प्रिंटसाठी.

ॲसिटिक ॲसिडऐवजी सायट्रिक ॲसिडचा स्टॉप बाथ वापरा. लिटरला साधारण १५ ग्रॅम. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच, पण शुद्ध असल्याची खात्री करा. वास शून्य. फिक्सर घेताना न्यूट्रल किंवा अल्कलाइन मिळाला तर तो घ्या. तिसरी गोष्ट म्हणजे झाकण: काम न चालणाऱ्या ट्रेवर ॲक्रिलिकचा पत्रा ठेवा. मी काचवाल्याकडून तीन मिलिमीटरचे तुकडे कापून घेतले आणि कडेला पकडायला सिलिकॉननं छोटी मूठ चिकटवली. एन्लार्जरवर टेस्ट स्ट्रिपची (किती सेकंद उजेड द्यायचा ते बघायच्या चाचणी-पट्टीची) गणितं करत बसलेलो असताना फिक्सर अर्धा तास उघडा राहायचा, तो आता झाकलेला असतो.

पुडीचा डेव्हलपर कालवायचा असेल तर गॅलरीत, वाऱ्याला पाठ करून, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. मेटॉलनं त्वचेवर पुरळ उठू शकतं, आणि एकदा त्याचं वावडं झालं की ते सहसा जात नाही. पूड पाण्यात हळूहळू सोडा, वरून ओतू नका. एन-९५ फक्त कणांसाठी आहे हेही लक्षात असू द्या. फिक्सरच्या वायूपुढे तो काहीही करत नाही.

जागा निवडताना तीन गोष्टी

पहिली गोष्ट जिवाची आहे. ज्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे तिथे डार्करूम करू नका. दार-खिडकी बंद, सगळ्या फटी बुजवलेल्या, एक्झॉस्ट हवा खेचतोय, अशा खोलीत गिझर पेटला तर जळलेला वायू बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जातो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. बाजूच्या खोलीत गिझर असला आणि तिथली हवा तुमच्या डार्करूममध्ये येत असली, तरी काम चालू असताना तो बंदच ठेवा. इलेक्ट्रिक गिझरला हा प्रश्न नाही.

दुसरी, फरशीवरची मोरीची जाळी. खाली ट्रॅपमध्ये जे दोन-अडीच इंच पाणी साचलेलं असतं तेच गटारातली हवा अडवतं. बाथरूम आंघोळीला वापरात नसेल तर महिन्याभरात ते पाणी उडून जातं. मग एक्झॉस्ट चालू केला की पंखा सरळ गटारातून हवा ओढतो. आधी काही दिवस मला वाटलं की माझं काही रसायन सडलं. कामाला सुरुवात करण्याआधी जाळीत एक तांब्या पाणी ओतायचं, बास. आणि त्याच बाथरूममधल्या टॉयलेट क्लीनरबद्दल: त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते आणि सांडलेला फिक्सर एकत्र आले तर सल्फर डायऑक्साइडचा लोट उठतो. सल्फाइड टोनरशी (प्रिंटचा रंग बदलणाऱ्या द्रावणाशी) गाठ पडली तर हायड्रोजन सल्फाइड, जो बंद खोलीत जीव घेऊ शकतो. क्लीनरची बाटली त्या खोलीतून कायमची हलवा.

तिसरी, हवा बाहेर कुठे पडणार. जुन्या सोसायट्यांमध्ये बाथरूमच्या खिडक्या मधल्या चौकोनी डक्टमध्ये उघडतात, आणि त्याच डक्टमध्ये वरच्या आणि खालच्या मजल्यांच्या खिडक्याही असतात. आपला फिक्सर शेजाऱ्यांच्या नाकात जाऊ नये याची काळजी घ्या. मी पाइप डक्टमधून वळवून इमारतीच्या मोकळ्या बाजूला काढला. हवा आत घेण्याचं तोंड आणि बाहेर सोडण्याचं तोंड यात निदान दोन-तीन मीटर अंतर हवं, नाहीतर तीच हवा फिरून येते.

किती हवा लागते

डार्करूमसाठी तासाला किमान दहा वेळा खोलीतली हवा बदलावी असा जुना ठोकताळा आहे. टोनिंग करणार असाल तर पंधरा. माझी खोली ८ बाय ५ फूट, उंची ९. म्हणजे ३६० घनफूट, साधारण १०.२ घनमीटर. दहा वेळा म्हणजे तासाला १०२ घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर सीएफएम (मिनिटाला घनफूट) लिहिलेलं असेल तर ३६० गुणिले १०, भागिले ६०, म्हणजे ६० सीएफएम.

हा आकडा बघून ६० सीएफएमचाच पंखा घेऊ नका. खोक्यावरचा आकडा पंखा मोकळ्या हवेत, पुढेमागे काहीही नसताना मोजलेला असतो. आपण त्याच्या एका बाजूला फिल्टर लावणार, दुसऱ्या बाजूला दोन-तीन वळणांचा पाइप. आकडा निम्म्यावर येतो असं धरून चाला. माझ्या खोलीसाठी मी तासाला २०० घनमीटरच्या वरचा शोधला.

पंख्याचा प्रकारही बघा. बाथरूमच्या भिंतीत बसवतात तो पात्यांचा साधा एक्झॉस्ट मोकळ्या भोकातून भरपूर हवा फेकतो, पण पाइप आणि वळणं जोडली की त्याचा दम तुटतो. पाती फिरतात, आवाज येतो, हवा मात्र जागच्या जागी घुसळत राहते. पाइपच्या मध्ये बसणारा इनलाइन पंखा घ्या. महाग असतो, पण अडथळ्यातून खेचू शकतो आणि आवाजही कमी. तो पाइपच्या बाहेरच्या टोकाकडे बसवा. म्हणजे घरातला सगळा पाइप ओढीखाली राहतो आणि एखादा जोड गळका असला तरी हवा आत जाते, वाफ घरात येत नाही.

पाइप शक्य तेवढा रुंद घ्या. प्लंबिंगच्या दुकानात ११० मिलिमीटरचा आणि १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो, लोक त्यांना चार इंची, सहा इंची म्हणतात. तेवढीच हवा सहा इंचीतून नेली तर वेग निम्म्याहून कमी होतो, आणि वेग निम्मा झाला की अडथळा चौथ्या हिश्श्यावर येतो. पत्र्याचा डक्ट नको. ॲसिटिक ॲसिड आणि सल्फर डायऑक्साइड मिळून तो काही वर्षांत गंजवतात, आणि गंजाची पूड प्रिंटवर पडते.

ओढायचं ते ट्रेच्या शेजारून

दिवाळीतली पणती दोन हातांवरून फुंकून विझवता येते. तीच तोंडानं हवा ओढून विझवून बघा. ज्योत ओठांच्या अगदी जवळ येईपर्यंत हलतही नाही. फुंकर एका दिशेनं जाते, ओढ मात्र चहूबाजूंनी पसरते आणि दूर गेली की संपते. पाइपच्या तोंडापासून त्याच्या रुंदीइतकं अंतर गेलं की ओढीचा वेग जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येतो. सहा इंची तोंड असेल तर सहा इंचांवर. वर छताजवळ बसवलेला पंखा ट्रेवरची वाफ धरून नेत नाही, आधी खोलीभर पसरू देतो आणि मग हळूहळू काढतो. मधल्या वेळात ती आपल्या फुप्फुसांतून गाळली जाते.

म्हणून ट्रेच्या मागे, भिंतीला लागून, एक लांब पेटी बनवली. वॉटरप्रूफ प्लायवूडची, एक मीटर लांब, आडवा छेद आतून १२ बाय २० सेंटिमीटर. पुढच्या बाजूला, ट्रेच्या काठापेक्षा दोन-तीन बोटं वर, पूर्ण लांबीची एक सेंटिमीटर रुंद चीर. पेटीच्या एका टोकाला सहा इंची पाइप. सुताराला सांगताना तो म्हणाला, एवढ्या बारीक चिरेतून काय जाणार, चांगली रुंद ठेवू. पण चीर मुद्दाम अरुंद ठेवायची असते. चीर मोठी केली तर पाइपजवळच्या भागातून सगळी हवा जाते आणि लांबच्या टोकाचा ट्रे तसाच राहतो. चिरेचं एकूण क्षेत्रफळ पेटीच्या छेदाच्या निम्म्याहून कमी ठेवलं की ओढ लांबीभर सारखी पडते. फिक्सरचा ट्रे तरीही पाइपच्या टोकाजवळच ठेवा.

पेटीला आतून दोन हात एपॉक्सी रंग दिला, चिरेच्या कडा काळ्या केल्या. पहिल्या रात्री फिक्सर ओतला आणि वाकून बघितलं. एरवी जिथे डोळे बारीक व्हायचे तिथे नुसता गार वारा कपाळावरून पुढे जात होता. त्या रात्री खोकला आला नाही. आणि नंतरही नाही.

आत येणारी हवा

पंखा जितकी हवा काढतो तितकी कुठूनतरी आत येतेच. तुम्ही वाट ठेवली नाही तर ती दाराखालच्या फटीतून, स्विचबोर्डाच्या भोकांतून, फॉल्स सीलिंगच्या वरून येते, आणि तिथली वर्षानुवर्षांची धूळ घेऊन येते. दाराखाली ७० सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर उंच फट असेल, तर तासाला १०२ घनमीटरसाठी तिथून हवा सेकंदाला चार मीटर वेगानं शिरेल. चार मीटर म्हणजे फरशीवरची धूळ उडवून एन्लार्जरपर्यंत नेणारा वारा.

त्याऐवजी एक मोठी, फिल्टर लावलेली वाट द्या. वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास ठेवायचा तर सुमारे २८० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा लागते, म्हणजे १७ बाय १७. फिल्टरचा अडथळा धरून मी २५ बाय २५ ठेवली. ती ओल्या बाजूच्या समोर, कोरड्या बाजूला, दाराच्या वरच्या भागात. म्हणजे ताजी हवा आधी एन्लार्जरपाशी येते, मग माझ्या पाठीवरून ट्रेकडे जाते, आणि चिरेतून बाहेर. कोरडं ते ओलं, स्वच्छ ते खराब. ही वाट कुठेही उलटू देऊ नका.

फिल्टर कोणता? कारच्या एसीचा केबिन फिल्टर. घडीदार कागदाचा, कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो, स्वस्त असतो आणि धुळीच्या बाबतीत पुरेसा बारीक. दोन शेजारी-शेजारी लावून फोमच्या पट्टीनं कडा बंद केल्या की बहुतेक बाथरूमना पुरतात. कडांचं काम घाईत करू नका. फिल्टरच्या बाजूनं राहिलेली अर्धा सेंटिमीटरची फट सगळी मेहनत वाया घालवते, कारण हवा सोपी वाट शोधते. फिल्टर नेहमी प्रकाशरोधकाच्या (उजेड अडवणाऱ्या पेटीच्या, ती पुढे येते) बाहेरच्या बाजूला हवा, म्हणजे बदलताना आतलं काही उघडावं लागत नाही.

काही जण आत पंख्यानं फिल्टर केलेली हवा जास्त ढकला आणि बाहेर कमी काढा असं सुचवतात. त्यानं खोलीत दाब किंचित वाढतो, फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. बंगल्याच्या आवारातल्या स्वतंत्र खोलीत हे उत्तम. पण फ्लॅटमध्ये दाराच्या फटीतून बाहेर जाणारी हवा लेकरांच्या खोलीत जाते. घरात मी ओढ थोडी जास्त ठेवतो आणि धुळीचा बंदोबस्त फटी बुजवून करतो. दाराच्या चौकटीला फोमची पट्टी, खाली रबराची पट्टी, पाइपांच्या भोकांना एम-सील.

उजेड अडवणारी पेटी

उजेड सरळ जातो, हवा वळते. हवेच्या वाटेत दोन काटकोन वळणं आणि आतून मंद काळा रंग, एवढंच लागतं. बाहेर जाणाऱ्या पाइपसाठी दोन कोपरे एकामागे एक जोडले की झालं. आत येणाऱ्या वाटेसाठी उथळ लाकडी पेटी करा आणि तिच्यात एकाआड एक तीन आडव्या फळ्या, एक वरून अर्ध्याच्या थोडी पुढे आलेली, पुढची तशीच खालून. वाट कुठेही मूळ भोकाच्या क्षेत्रफळापेक्षा अरुंद होऊ देऊ नका. रंग म्हणून शाळेच्या फळ्याचा काळा रंग घ्या. तो अजिबात चमकत नाही, तेलरंग चमकतो आणि उजेड उड्या मारत आत येतो.

तपासणी भर दुपारी. आत जा, दार लावा, सेफलाइटही (कागदाला न बाधणारा मंद दिवा) बंद, आणि वीस मिनिटं नुसतं बसून राहा. पहिल्या पाच मिनिटांत काहीच दिसत नाही. पंधराव्या मिनिटाला चौकटीच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसू लागते. जिथे दिसेल तिथे खडूनं चाचपडत खूण करा.

एअर प्युरिफायर आणि एसी

हे दोन प्रश्न मला सर्वांत जास्त विचारले जातात, म्हणून स्पष्ट लिहितो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. कण. सल्फर डायऑक्साइड कण नाही, तो हेपातून सुखानं पार होतो. घरगुती प्युरिफायरमध्ये कोळशाचा पातळ थर असतो. साधा ॲक्टिव्हेटेड कार्बन असले छोटे आम्लधर्मी वायू फारसे धरत नाही. त्यासाठी खास प्रक्रिया केलेला आणि किलोंच्या हिशेबात कार्बन लागतो. म्हणून प्युरिफायर बाहेर हवा काढण्याची जागा घेऊ शकत नाही. धुळीसाठी मात्र तो छान. काम सुरू करण्याआधी तासभर कोरड्या बाजूला चालवा, प्रिंट काढताना बंद करा. चालू ठेवायचाच असेल तर त्याचे निळे-पांढरे दिवे काळ्या टेपनं झाका, नाहीतर कागद धुकटेल. ओझोन सोडणारी यंत्रं टाळा. ओझोन फुप्फुसांना वाईट आणि चांदीच्या प्रिंटलाही.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही. एप्रिल-मेमध्ये डेव्हलपर २० अंशांवर ठेवायला एसी उपयोगी आहे, पण एसी लावला म्हणून एक्झॉस्ट बंद केला तर आपण थंडगार फिक्सर हुंगत बसतो. मी शेजारच्या बेडरूमचा एसी लावतो. ताजी हवा तिथूनच येत असल्यामुळे डार्करूमही गार राहते.

चालतंय का ते तपासा

कागद, निगेटिव्ह, लेन्स बाहेर नेऊन ठेवा आणि उदबत्ती लावा. ट्रेच्या मधोमध धरा. धूर चिरेकडे आडवा जायला हवा. तुमच्या हनुवटीकडे वर आला तर चीर लांब पडतेय किंवा पंखा कमी पडतोय. मग उदबत्ती दाराच्या कडांवरून, स्विचबोर्डावरून, मोरीच्या जाळीवरून फिरवा. जिथे धूर थरथरून आत वळतो तिथून धूळही येते.

आकड्यात हवं असेल तर छोटा कार्बन डायऑक्साइड मीटर वापरा. एकटा माणूस हलकं काम करताना तासाला साधारण २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तासाला १०२ घनमीटर हवा खरोखर जात असेल, तर अर्ध्या तासानं आतला आकडा शेजारच्या खोलीपेक्षा २०० पीपीएमच्या आसपास जास्त असेल. ६०० जास्त दाखवत असेल तर हवा ठरवल्याच्या एक तृतीयांशच जातेय. मीटर फिक्सरची वाफ मोजत नाही, फक्त हवा किती बदलतेय ते सांगतो. त्याचा पडदाही झाका.

विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच, ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर (गळती होताच वीज तोडणारा स्विच). पंख्याचं बटण बाहेर. ओल्या हातांच्या खोलीत यावर तडजोड नाही.

रोजच्या सवयी, आणि पावसाळा

ट्रे भरण्याआधी पंधरा मिनिटं पंखा चालू, ट्रे रिकामे करून धुतल्यावर वीस मिनिटं चालू. तासाला दहा बदलांच्या हिशेबानं खोलीतली वाफ वीस मिनिटांत पाच टक्क्यांच्या खाली येते. रसायनं ट्रेमध्ये रात्रभर ठेवू नका. वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते. कॅनमध्ये साठवून चांदी काढून घेणाऱ्याकडे द्या.

सल्फाइडचं सेपिया टोनिंग घरात नकोच. सडक्या अंड्याचा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो आणि तिथेच धोका असतो. शिवाय तो पाकिटातला न वापरलेला कागदही धुकटवतो. गच्चीवर करा, कागद खाली घरात ठेवून. फेरिसायनाइडचा ब्लीच वापरत असाल तर तीव्र आम्ल त्याच्या जवळपासही नको.

फिल्म वाळवताना मात्र उलट वागायचं. ओल्या इमल्शनला (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थराला) धूळ चिकटली की ती कायमची. फिल्म टांगण्याआधी गरम पाण्याचा शॉवर दोन मिनिटं सोडा, वाफेनं हवेतली धूळ खाली बसते. दहा मिनिटं थांबा, फिल्म टांगा, पंखा बंद, दार बंद, आणि चार तास त्या खोलीत कुणी जायचं नाही.

जून ते सप्टेंबर बाहेरची हवाच ओली असते. एक्झॉस्ट जितका चालेल तितकी दमट हवा आत येते, म्हणून पावसाळ्यात तो फक्त कामापुरताच, आधीची पंधरा आणि नंतरची वीस मिनिटं धरून. एन्लार्जरची लेन्स आणि कागदाची पाकिटं हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट, डार्करूमबाहेर. फिल्टरचा कागद ओलसर राहिला तर त्यावर बुरशी धरते, आणि मग तिचे बीजाणू थेट एन्लार्जरवर येतात. माझ्याकडे दर गणपतीनंतर नवा फिल्टर लागतो. जुना काढून पांढऱ्या कागदावर आपटतो, आणि जी काळी राखाडी पूड पडते ती बाजूला घेऊन वजन न करताही कळतं की ती निगेटिव्हवर बसली असती.